मागामागचा माणूस

मराठी समीक्षेने विणकराकडून जेवढे शब्द उसने घेतले आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारागिराकडून घेतलेले नाहीत. कथानकाची वीण, भाषेचा पोत, निवेदनाचा धागा, अनुभवाचा ताणाबाणा. वीण सैल पडली की लेखकाला दोष द्यायचा, घट्ट असली की पाठ थोपटायची. ‘सूत्र’ हा शब्द तर इतका जुना आहे की त्यात सूत आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. भाषा अशाच वाढतात. परंतु ज्याच्या घरून आपण हे शब्द आणले त्याच्या घरात पुन्हा एकदा डोकवावे, असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. नाहीतर ‘घट्ट वीण’ हे शब्द आपण इतक्या बिनदिक्कत स्तुती म्हणून वापरले नसते. मागावर घट्ट वीण हा नेहमीच गुण नसतो. हात्या फार जोराने आपटला तर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते आणि अंगावर पडत नाही. कुठे ठोका जोराचा द्यायचा आणि कुठे नुसता स्पर्श करून हात मागे घ्यायचा, हे जाणणारा तो चांगला विणकर. लेखकांच्या बाबतीतही हे खरे असावे, अशी मला दाट शंका आहे.

या लेखात मला एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. घरातल्या मागावर आयुष्य काढणारा माणूस वाङ्मयात कितपत आला आहे? ‘विणकर’ असा उल्लेख आला म्हणजे विणकर आला असे मी धरत नाही. त्यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. एखाद्या कृतीतील विणकर काढून त्याच्या जागी कुंभार किंवा चांभार बसवून पाहावा. कृती जशीच्या तशी उभी राहिली तर तिथे माग केवळ शोभेचा होता. ती कोसळली तर लेखकाने माग खरोखर पाहिला होता. कसोटी ओबडधोबड आहे हे मान्य. पण रसिकतेच्या नावाखाली जे गोड धुके आपल्याकडे पसरलेले असते त्यात हातात अशी एखादी काठी असलेली बरी.

प्रथम पाहिले काय ते सांगतो. येवल्याला माझे जाणे-येणे बऱ्याच वर्षांचे आहे. तिथल्या पैठणी विणणाऱ्या अनेक घरांत माग हा घरातल्या वस्तूंपैकी एक नसतो. माग आधी आणि घर त्याच्या भोवती, अशी मांडणी असते. पुढची खोली बहुतेक मागानेच खाल्लेली. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, पायाखाली पावड्या, समोर ताणलेला रेशमाचा ताणा, आणि पदराच्या जागी ताण्यावर ओळीने ठेवलेल्या बारीक कांड्या. प्रत्येक रंगाची वेगळी, आणि तोच रंग दोन ठिकाणी असेल तर दोन वेगळ्या. पैठणीच्या पदरात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. मोराच्या मानेपुरता निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून तर पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. मागे लोंबणारे धागे नसतात. हिशेबाकरिता इंचाला ६० आडवे धागे धरले आणि पदर २४ इंचांचा धरला, तर १,४४० ओळी होतात. एका ओळीत २० कांड्या धरल्या तर २८,८०० वेळा हात खाली जातो, ठरावीक ताणे मोजून उचलतो आणि कांडी पार करतो. नक्षी भरगच्च असेल तर हा आकडा कुठल्या कुठे जाईल. आणि हा केवळ पदर झाला.

तिथे बसून मी काही विचारले की उत्तर लगेच मिळत नसे. ओठ हलत असत. “थांबा भाऊ, मान चाललीय,” एवढेच एकदा ऐकू आले. मोराची मान संपली तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर आले, आणि ते अगदी नीट आले; म्हणजे प्रश्न ऐकलेला होता, तो फक्त मोजणीच्या पलीकडे ठेवलेला होता. भिंतीशी बसून घरची बाई कांड्या भरीत होती. मजुरी साडीवर ठरते; कांड्या कोणी भरल्या, रेशीम कोणी उकलले, नवा ताणा जुन्या ताण्याला एकेक धागा पिळून कोणी जोडला, याचा हिशेब साडीच्या किमतीत वेगळा दिसत नाही. या जोडण्याला सांधणी म्हणतात. हजारो धागे, एकाला एक. मी बाईंना विचारले, “तुम्हीही विणता का?” त्या म्हणाल्या, “मी कुठं विणते? मी नुसतं हातभार लावते.” हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर भरलेल्या कांड्यांचा ढीग होता.

तर हे झाले येवल्याचे. आता पुस्तकांकडे वळू.

जॉर्ज इलियट यांची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून अनेक पिढ्यांच्या हाती आली आणि बहुधा त्यामुळेच नीट वाचली गेली नाही. सोने गमावलेल्या कंजुषाला सोनेरी केसांचे मूल मिळते, ही बोधकथा सर्वांच्या लक्षात राहते. तो कंजूष विणकर का होता, हे विचारायचे राहून जाते. माझ्या कसोटीला ही कादंबरी जवळजवळ पूर्णपणे उतरते. सायलस लॅन्टर्न यार्ड या शहरी वस्तीत असताना एका ठोक व्यापाऱ्यासाठी विणीत असे. आठवड्याची मजुरी मिळे आणि तिचा मोठा भाग धर्मकार्यात जाई. राव्हलो गावात आल्यावर मिसेस ऑसगूड यांचे टेबलावरचे कापड तो अपेक्षेपेक्षा लवकर विणून देतो आणि प्रथमच पाच चकचकीत गिन्या थेट त्याच्या हातावर पडतात. पैशाचे वेड कुठे सुरू झाले हे इलियट यांनी अचूक दाखवले आहे. मधला व्यापारी गेला, मजुरीचा ठरलेला वार गेला, धर्ममंडळीही गेली. उरला माग आणि मागातून थेट निघणारे नाणे. जो मनुष्य दिवसभर एकेक आडवा धागा मोजून कापड वाढताना पाहतो त्याला रात्री एकेक नाणे मोजून रास वाढताना पाहण्यात सुख वाटावे, यात अस्वाभाविक काहीच नाही. कुंभाराच्या बाबतीत हे इतके चपखल बसले नसते. मडके भाजून निघेपर्यंत ते मडके होईल की खापर, हे त्याला ठाऊक नसते. विणकराचे काम मात्र डोळ्यांसमोर, इंचाइंचाने वाढते.

पण या कादंबरीतील माझे आवडते स्थळ वेगळेच आहे. एपी ही लहानगी मुलगी सायलसच्या घरात वाढू लागल्यावर प्रश्न येतो की मागावर बसलेल्या माणसाने मूल सांभाळायचे कसे. तो तिच्या कमरेला कापडाची रुंद पट्टी बांधतो आणि तिचे दुसरे टोक मागाला अडकवतो. एक दिवस नवे कापड मागावर चढवायचे असते. अशा वेळी कात्री लागते; एरवी ती पोरीच्या हातापासून दूर ठेवलेली असते. काम मांडून होते, सायलस मागावर बसतो, मागाचा आवाज सुरू होतो, आणि कात्री मात्र पोरीचा हात पोहोचेल अशा फळीवर राहून जाते. ती पट्टी कापते आणि उघड्या दारातून उन्हात पसार होते. आज पोर किती शहाण्यासारखी बसली आहे, असे सायलसला वाटत असते. या प्रसंगाचा एकेक दुवा मागातून आलेला आहे: पट्टी तागाची, कात्री नव्या ताण्यामुळे बाहेर आलेली, आणि पावलांचा आवाज झाकणारा खडखडाट मागाचा. लेखिकेने कुठेही थांबून ‘पहा, मला हे काम कसे माहीत आहे’ असे म्हटलेले नाही. घरात माग असणे म्हणजे काय, हे या दोन-तीन पानांत जेवढे कळते तेवढे हातमागाच्या अहवालांतून कळत नाही.

तथापि एका बाबतीत माझे इलियट यांच्याशी भांडण आहे. सायलसचे विणणे त्या कोळ्याच्या विणण्यासारखे मानतात: विचाराविना, केवळ प्रवृत्तीने चाललेले. आणि माणूस हळूहळू आपल्या अवजारासारखा वाकत जातो, असे त्या सुचवतात. तागाच्या साध्या, बिननक्षीच्या कापडापुरते हे खरे असेलही. तिथे हात आणि पाय एकदा लयीत पडले की मन मोकळे होते, आणि ते मोकळे मन कुठे जाईल हा स्वतंत्र प्रश्न उरतो. पण नक्षीच्या मागावर कोळ्याची उपमा चालत नाही. कोळी मोजत नाही. मोराच्या मानेपाशी ओठ हलवणारा माणूस त्या क्षणी जितका जागा असतो तितका हा लेख लिहिताना मी नाही. हातांनी काम करणाऱ्याचे डोके झोपलेले असते, ही समजूत शिकलेल्या माणसांच्या मनात फार खोल आहे. इलियट यांच्यासारख्या थोर, सहृदय लेखिकेलाही तिने सोडलेले नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे सायलस एपीला घेऊन लॅन्टर्न यार्ड शोधायला जातो. ज्या प्रार्थनामंदिरात त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला ते त्याला पुन्हा पाहायचे असते, सत्य काय ठरले ते विचारायचे असते. मंदिर नसते. त्या जागी कारखाना उभा असतो आणि जेवणाच्या सुट्टीत त्यातून माणसांचे लोंढे बाहेर पडत असतात. टीकाकार हा प्रसंग श्रद्धेच्या अंगाने वाचतात. मला त्यात हातमागाचे भवितव्यही दिसते.

इलियट यांचा विणकर एकटा आहे. न बायको, न मुलगा, कांड्या भरायला कोणी नाही. त्याच्या कांड्या कोण भरत होते, याचे कादंबरीला फारसे पडलेले नाही. घर दाखवायचे काम गेरहार्ट हाउप्टमान यांनी केले. ‘विणकर’ हे त्यांचे जर्मन नाटक १८४४ सालच्या सायलेशियातील विणकरांच्या उठावावर आहे. त्यांचे आजोबा विणकर होते. बर्लिनच्या पोलिसांनी नाटकाच्या जाहीर प्रयोगाला मनाई केली, म्हणून पहिला प्रयोग १८९३ मध्ये सभासदांपुरता खाजगी झाला. ते जाहीर रंगभूमीवर आले १८९४ मध्ये. बादशहाने नाट्यगृहातील आपली राखीव जागा रागाने सोडून दिली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. हाउप्टमान यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या नाटकाची चर्चा आपल्याकडे ‘नायक नसलेले नाटक’, ‘समूहाचे नाटक’ अशी होते. ती चूक नाही, पण त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. घरी विणणाऱ्यांचा समूह एरवी कुठे असतो? गिरणीतले कामगार भोंगा झाला की रोज एकत्र येतात. घरचा विणकर आपापल्या भिंतीआड असतो. तो चारचौघांत येतो फक्त कापड पोचवण्याच्या दिवशी, व्यापाऱ्याच्या दारात. म्हणून हाउप्टमान यांनी पहिला अंक तिथेच मांडला. कापडाचे वजन होते, कारकून कापड उजेडाकडे धरून दोष काढतो, मजुरी कापली जाते. आणि तो कारकून स्वतः एकेकाळचा विणकर असल्यामुळे कुठे बोट ठेवायचे हे त्याला पक्के ठाऊक आहे. शोषणाचे एवढे नेमके चित्र मी क्वचित वाचले आहे. बंड पेटते ते तिसऱ्या-चौथ्या अंकात, पण काडी पहिल्या अंकातल्या तराजूपाशी ओढलेली आहे.

दुसरा अंक बाउमर्टच्या घरात. दोन मुली मागांवर, अपंग आई कांडी भरण्याच्या चाकापाशी, मंदबुद्धी मुलगाही कांड्याच भरतो आहे. भूक इतकी की म्हाताऱ्याने पाळलेला कुत्रा मारून आणलेला आहे, आणि सवय मोडलेल्या पोटात ते मांस टिकत नाही. कांड्या भरणाऱ्या हातांना रंगमंचावर जागा देणारा हा पहिलाच मोठा लेखक असेल की नाही, ते सांगता येणार नाही. पण त्याने ती दिली हे खरे.

शेवटचा अंक मात्र वादाचा आहे. एका हाताचा म्हातारा हिल्झ बंडात सामील व्हायला नकार देतो. देवाने ज्या जागी बसवले तिथे मी बसणार, असे म्हणून तो खिडकीजवळच्या मागावर बसतो आणि बाहेरच्या गोळीबारातली गोळी खिडकीतून येऊन त्याला लागते. डाव्या विचारांच्या समीक्षकांना हा शेवट भेकड वाटला, धार्मिकांना तो हौतात्म्याचा वाटला. मला तो विणकरीच्या दृष्टीने अचूक वाटतो. मागाला उजेड लागतो, म्हणून माग खिडकीशी असतो. गोळीही उजेडाच्याच वाटेने येते. हिल्झला घरात दुसऱ्या कोणत्याही जागी बसवले असते तर तो वाचला असता. घर हे जगापासून दूर असलेले सुरक्षित ठिकाण आहे, ही त्याची समजूत मागाच्या जागेनेच खोटी ठरवली आहे.

बनारसच्या विणकरांवर अब्दुल बिस्मिल्लाह यांनी लिहिलेली हिंदी कादंबरी १९८६ ची. तिचे नावच कबीराच्या चादरीच्या पदाच्या पहिल्या ओळीवरून घेतलेले आहे. तिच्यातला मतीन, त्याची आजारी बायको, कापलेली मजुरी, सहकारी सोसायटी काढण्याची धडपड आणि त्या धडपडीचे जे होते ते, हे सर्व सायलेशियाच्या पहिल्या अंकापासून फार दूर नाही. माहितीच्या भाराने ही कादंबरी मध्येच वाकते, हे सांगितले पाहिजे; पण नावातली चादर आणि आतला विणकर यांच्यातले अंतर तिने जाणूनबुजून उघडे ठेवले आहे, आणि तेवढ्यासाठी मी तिला मान देतो.

मराठीत काय आहे? पैठणीवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता तर घराघरांत पाठ आहे. त्या कवितेत आजी आहे, तिचे लग्न आहे, तिच्या सणासमारंभांचा वास आहे, नातीच्या हातांना होणारा स्पर्श आहे. विणणारा नाही. हा कवितेचा दोष म्हणणे अरसिकपणाचे ठरेल. कविता नेसणारीची आहे आणि ती आपल्या जागी पूर्ण आहे. माझा मुद्दा एवढाच की मराठीतली पैठणी बहुधा नेहमीच कपाटातून निघते, मागावरून उतरत नाही. आपल्या संतांत कुंभार आहे, माळी आहे, सोनार आहे, न्हावी आहे, शिंपी आहे. प्रत्येकाने आपल्या धंद्याची भाषा अभंगात आणली. विणकर म्हणून आपण जो संत आपला मानला तो काशीहून आणावा लागला. महिपतींनी ‘भक्तिविजया’त कबीराचे चरित्र गायले आणि तो वारकऱ्यांच्या घरचा झाला. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी अशी मागांची गावे ज्या भाषेत आहेत तिच्यात मागाचा खडखडाट इतका कमी ऐकू यावा, याचे मला नवल वाटते.

विणकर म्हटले की वाङ्मयाला पुरुष दिसतो, ही आणखी एक गंमत. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार नोंदले गेले आणि विणणाऱ्यांत स्त्रिया सुमारे ७२ टक्के निघाल्या. या आकड्यात ईशान्येकडील राज्यांचा वाटा मोठा आहे. तिथे विणणे हे घरोघर बायकांचेच काम आहे. युरोपीय वाङ्मयाच्या उगमापाशी तर मागावर बाईच बसलेली आहे. ‘ओडिसी’तील पेनेलोपी सासऱ्याच्या कफनाचे कापड दिवसा विणते आणि रात्री उसवते, मागणी घालायला आलेल्या पुरुषांना तीन वर्षे अशी झुलवते. तिच्या चातुर्याची वाखाणणी सगळेच करतात. पण ही युक्ती मागावरच शक्य होती. फुटलेल्या मडक्याची पुन्हा माती होत नाही, घडवलेला दागिना रात्रीत आटवता येतो पण शेजाऱ्यांना कळतो. विणलेले मात्र धाग्याला न दुखावता परत उलगडता येते. पैठणीच्या पदरात मोजणी चुकल्याचे दहा ओळींनंतर लक्षात आले तर त्या दहा ओळी अशाच उलट्या दिशेने काढाव्या लागतात, कांडीमागे कांडी. पेनेलोपीच्या रात्री सोप्या नव्हत्या. आणि तिचे बिंग फुटले ते दासीमुळे. म्हणजे त्या मागाभोवतीही आणखी हात होतेच.

विणकराने स्वतः लिहावे, असे क्वचित घडते. अ‍ॅनी अल्बर्स या जर्मन-अमेरिकन विणकर बाईंनी १९६५ साली विणण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि तो पेरू देशातील प्राचीन विणकरांना आपले गुरू म्हणून अर्पण केला. बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत १९२२ साली त्या शिकायला गेल्या, तेव्हा विणकामाकडे वळल्या त्या फारशा खुशीने नव्हे. मुलींसाठी तेच दालन मोकळे होते. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्या संग्रहालयात विणकराला मिळालेला हा पहिलाच मान. त्यांचा ग्रंथ वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. ताणा आधी ठरतो आणि मग हवे ते सगळे करता येत नाही, हे बंधन त्या तक्रारीने मांडत नाहीत. त्या बंधनातच विचार सुरू होतो असे त्यांचे म्हणणे आहे. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला हे समजावून सांगावे लागणार नाही. तरीही अल्बर्स बाईंच्या घरच्या मागावर काय चढवायचे हे त्या स्वतः ठरवीत. येवल्याच्या घरात रंग आणि नक्षी पुष्कळदा शेठच्या दुकानातून ठरून येते. दोन्ही घरी माग आहे, दोन्ही माणसे एकटी विणतात. पण एकीच्या कामाखाली नाव असते, आणि दुसऱ्याच्या साडीला दुकानाच्या नावाची पिशवी मिळते.

अलीकडे हातमागाच्या प्रदर्शनांत जी पत्रके वाटतात त्यांत विणण्याला ‘ध्यान’ किंवा ‘साधना’ म्हणण्याची टूम निघाली आहे. मागाच्या लयीत मन शांत होते, विणकर तल्लीन होतो, इत्यादी. या मजकुराला आधार म्हणून बहुधा कबीर उभा केला जातो. कबीराचे ते चादरीचे पद, ज्यात देह हेच वस्त्र होऊन जाते, भजनी मंडळांतून आपण सर्वांनी ऐकले आहे. पद गोड आहे. पण माझ्या कसोटीला ते अर्धेच उतरते: चादरीच्या जागी घट घातला तरी रूपक चालते, आणि कबीराच्या नावावर घटाची पदेही आहेतच. शिवाय १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शीखांच्या आदिग्रंथात कबीराची जी पदे आहेत त्यांत हे चादरीचे पद नाही. तिथे आहे ते वेगळेच पद, गुजरी रागातले. ते पत्रके लिहिणाऱ्यांनी एकदा वाचायला हवे.

त्या पदात कबीराची आई रडते आहे. मुलाने ताणणे-विणणे सगळे टाकून दिले आणि हरिनाम धरले; आता ही पोरे जगायची कशी, हा तिचा सवाल आहे. कबीर जे उत्तर देतो त्यात एक वाक्य असे येते की ते केवळ विणकरच बोलू शकेल. धोट्याच्या बारीक छिद्रातून धागा ओवायला लागलो की तेवढा वेळ रामाचा विसर पडतो, अशा आशयाचे ते वाक्य आहे. माग हे ध्यान आहे असे कबीर म्हणत नाही. धागा ओवताना सगळे लक्ष धागाच घेतो, देवासाठी काही उरत नाही, असे तो म्हणतो. आणि म्हणून त्याने माग सोडला. येवल्यात मोराच्या मानेपाशी माझा प्रश्न ज्या कारणाने थांबवून ठेवला गेला, तेच हे कारण. या पदाला कुंभार चालणार नाही, चांभार चालणार नाही. धोट्याचे छिद्र काढले की पद उरत नाही.

आपल्या परंपरेने या पदातला कबीर उचलला. त्याच्या वैराग्यावर निरूपणे झाली, नामाचा महिमा झाला. आई तिथेच रडत राहिली. वस्तुतः पद सुरू होते तिच्यापासून, आणि तिचा प्रश्न घरातल्या मागाचा प्रश्न आहे: रोजची मजुरी बंद झाली तर खायचे काय. कबीर तिला सांगतो की आपला आणि या पोरांचा दाता एकच, तो रघुराई. हे ऐकून ती काय म्हणाली ते पदात नाही. अर्धा विणलेला ताणा मागावर तसाच होता का, आणि असला तर त्या संध्याकाळी त्यावर कोण बसले, हेही नाही.